शून्य एक्स यांचे बक्षीस

“थांबव रे सत्तू,” मी म्हणालो. “बक्षीस आलंय. नाव पुकारू दे आधी.”

सत्तूने ढोलकी थांबवली. हौसाबाईने गवळणीची पुढची ओळ तोंडातच धरली. समोर माणूस एकही नव्हता. तेलाच्या रिकाम्या डब्यावर तीन पायांचं तिकाटणं, तिकाटण्यावर फोन, आणि फोनच्या आत चारशे माणसं बसलेली आहेत असं आम्हाला सांगण्यात आलं होतं. मी नऊवारीचा पदर खोचला आणि फोनपुढे वाकलो.

मी तमाशात चाळीस वर्षं मावशी होतो. गवळणींबरोबर मथुरेच्या बाजाराला निघणारी आणि वाटेत कृष्णाशी भांडणारी म्हातारी, ती मी. सोंग उतरवल्यावरही लोक मला मावशीच म्हणत. गेनबा अवघडे हे नाव रेशनकार्डावर तेवढं शिल्लक होतं.

फड बंद पडला तेव्हा आम्ही तिघं विट्यात उरलो. मी, हौसाबाई विटेकर आणि सत्तू ढोलकीवाला. बंद पडलेल्या मागांची एक शेड भाड्याने घेतली. शेडचे मालक मुलाणी. चांगला माणूस. भाडं मागायच्या आधी तब्येत विचारायचा. तिथून आम्ही दर शनिवारी संध्याकाळी ‘ओटा’ नावाच्या ॲपवर कार्यक्रम करायचो. पुण्यातल्या पोरापोरींनी ते काढलं होतं. कुणी स्वयंपाक दाखवायचं, कुणी कविता म्हणायचं, आम्ही गण-गवळण करायचो. बघणाऱ्याला वाटलं तर त्याने पैसे टाकायचे. त्याचं नाव आणि रक्कम पडद्यावर वर यायची. तमाशात याला दौलतजादा म्हणतात. त्यामुळे आम्हाला नवीन काही शिकावं लागलं नाही.

“लेंगऱ्याचे पोपटराव किराणावाले यांच्याकडून एक्कावन्न रुपये,” मी पुकारलं. “मंडळ त्यांचं आभारी आहे. बलवडीच्या शाळेतल्या शिंदे बाई, एकवीस रुपये. मंडळ आभारी आहे.”

मग खालून एक लांबलचक नाव वर आलं. मला अक्षरं उशिरा आली. मराठी पन्नाशीनंतर आणि इंग्रजी त्याच्याही नंतर. त्यामुळे समोर जे असेल ते मी सगळं वाचतो. घाईने वाचणं अजूनही जमत नाही.

“शून्य,” मी म्हणालो. “एक्स. सात. ए. एफ. तीन. तीन. बी...”

“मावशे,” हौसाबाई तोंडावर पदर घेऊन म्हणाली, “मोटरसायकलचा नंबर वाचायलीस व्हय गं?”

“नाव हाय.”

“कुणाचं?”

“वाचल्यावर कळंल.”

वाचत गेलो तरी कळेना. ते नाव काही संपेना. सत्तूने प्रत्येक अक्षराला एक हलकी थाप द्यायला सुरुवात केली, कारण नुसतं बसून राहणं त्याला जमत नाही. पण मी सोडलं नाही. आमचे फडमालक शिदूतात्या यांचा नियम होता. नाव पुकारल्याशिवाय पैसा घ्यायचा नाही. रुपया असो की शंभराची नोट, देणाऱ्याचं नाव बोर्डावरून, म्हणजे आमच्या स्टेजवरून, आधी पुकारायचं, मगच ती खिशात. तात्या गेले, बोर्ड गेला, पण नियम कुणी रद्द केला नव्हता.

“...डी. सात. सात. ई,” मी शेवटाला आलो. “यांच्याकडून मंडळाला बक्षीस रुपये...”

इथे मी थांबलो. शून्यं मी उजवीकडून मोजतो. दोनदा मोजली.

“एक लाख रुपये,” मी म्हणालो. “मंडळ आभारी आहे.”

सत्तूची थाप चुकली. हौसाबाईने मात्र जिथे ओळ धरली होती तिथूनच ती पुढे म्हटली.

*

दुसऱ्या दिवशी सकाळी शर्वरीचा फोन आला. ती ओटामध्ये पैशांचं बघायची. मला काय म्हणावं हे तिला ठरवता आलं नव्हतं.

“मावशीकाका, तुम्ही काल तो पत्ता पूर्ण वाचलात?”

“पत्ता? म्या नाव वाचलं.”

“नाव नाही ते. क्रिप्टोचा पत्ता आहे.”

“गाव कुठं हाय त्यात?”

“गाव नसतं.”

“मग पत्ता कसला?”

 मग तिने मला नीट समजावून सांगितलं. पोरगी समजावण्यात चांगली होती. आमच्याकडे पैसे तीन वाटांनी येतात, ती म्हणाली. फोनवरून फोनवर आले की ते पोचले, आणि बँकेला देणारा माणूस ठाऊक असतो. कार्डावरून आले तर देणारा महिन्याने उठून बँकेला सांगू शकतो, मी दिलेच नव्हते, माझे मला परत द्या.

“दारू उतरल्यावर,” मी म्हणालो.

“हो, तसंही असतं. आणि तिसरं हे क्रिप्टो. परदेशातल्या लोकांसाठी आम्ही सुरू केलं. ते नाणं एकदा पाठवलं की पाठवणाऱ्यालाही मागे ओढता येत नाही.”

“हे बरं हाय की.”

“पण पाठवलं कुणी ते कळत नाही. नुसती अक्षरं दिसतात. आणि एवढी मोठी रक्कम असली की देणाऱ्याचं नाव आमच्याकडे लागतंच. ते मिळेपर्यंत तुमच्या खात्यातून काहीच सोडता येत नाही.”

“ह्ये लाख?”

“सगळंच. पोपटरावांचे एक्कावन्नसुद्धा.”

“पोपटरावांचं नाव ठाऊक हाय की. दुकान बी ठाऊक हाय. म्या तिथनंच चहापत्ती आणतो.”

“मावशीकाका, खातं एकच आहे ना. कुलूप लागलं की सगळ्यालाच लागतं. पुढच्या आठवड्यात वरचे लोक ठरवतील. नाव नाही मिळालं तर खातं बंद करतील.”

खातं बंद म्हणजे शनिवार बंद. शनिवार बंद म्हणजे आम्ही तिघं तीन दिशांना. हौसाबाई तिच्या भाचीकडे जाणार, जी तिला घराच्या मागच्या दाराने आत घेत असे. सत्तू कुठे जाणार हे सत्तूलाही माहीत नव्हतं. हे मी शर्वरीला सांगितलं नाही. ती तिचं काम करत होती.

हौसाबाई शेडच्या दारात बसून मेथी निवडत होती. मी तिला सगळं सांगितलं. तिने मेथीची जुडी खाली ठेवली नाही.

“परत कर,” ती म्हणाली.

“लाख रुपयं हायत, बाई.”

“ऐकलं म्या. बोर्डावरनं पुकारलंस की तू. परत कर.”

“ह्यात सालाचं भाडं भागंल. पेटीचा भाता फाटलाय, त्यो बदलता यील.”

“बिननावाचा पैसा न्हाई घ्यायचा.”

“अगं, पुकारलं की म्या! सगळी अक्षरं पुकारली. एक बी सोडलं न्हाई.”

“त्ये नाव हाय व्हय?” तिने मेथीची काडी माझ्या अंगावर टाकली. “परत कर म्हणलं न्हवं?”

मी शर्वरीला पुन्हा फोन लावला. ती म्हणाली, परत करायला पडद्यावर ‘स्वीकार’च्या शेजारी ‘परत’ असं बटण आहे, पण एवढी रक्कम कुणाला परत देताय त्याचं नाव आधी लिहावं लागतं.

“म्हंजी घ्यायला बी नाव पायजे आन् परत द्यायला बी नाव पायजे.”

“हो.”

मी हे हौसाबाईला सांगितलं. ती म्हणाली, “शिदूतात्या पुण्यात गेल्यात काय कामाला?”

*

पुढच्या शनिवारी गण झाल्यावर मी फोनपुढे उभा राहिलो आणि मावशीच्या आवाजात साद घातली. अहो शून्य एक्स राव, तुमच्या पैशाने आमच्या दाराला कुलूप लावलंय. तुम्ही कुठले, कुणाचे, एकदा कळवा. आणि दुसरा कुणी शून्य एक्स हे बक्षीस आपलं समजू नये म्हणून मी पुन्हा सगळी अक्षरं वाचली. या वेळी सत्तू तयारीत होता. त्याने त्या अक्षरांना चांगला ठेका बसवून आणला होता. शेवटच्या ‘डी, सात, सात, ई’वर त्याने तिहाई घेतली.

नाव कुणी कळवलं नाही. पण आमची साद लोकांनी एकमेकांना पाठवली. रविवारी सकाळीच विट्यात पोरं रस्त्याने ‘डी सात सात ई’ म्हणत जायला लागली. मला बघून तर जास्तच.

त्या शनिवारी रात्री कार्यक्रम संपल्यावर मी नऊवारी सोडून घडी करत होतो. सत्तू भाकरी आणायला गेला होता. हौसाबाई पेटी झाकून शेजारी बसली.

“गेनबा,” ती म्हणाली.

ती मला गेनबा म्हणाली की मी घडी करायचं थांबवत असे.

“तू बोर्डावर नाव पुकारायचास, तवा मला काय वाटायचं ठाऊक हाय?”

“काय?”

“सुटले, असं वाटायचं.” ती पेटीच्या झाकणावरची धूळ बोटाने पुसत होती. “अमक्यानं, अमक्या गावच्या, गाण्याला एवढं दिलं. हजार माणसांनी ऐकलं. त्यो पैसा गाण्याचा झाला. मागनं राहुटीच्या दारात यून उभं ऱ्हायला त्याला तोंड न्हाई. आन् ज्याचं नाव पुकारलं न्हाई, त्यो पैसा कशाचा?”

 मी बोर्डावर चाळीस वर्षं नावं पुकारली होती. ते आभार मानण्यासाठी असतं असं मी धरून चाललो होतो.

“खानापूरच्या जत्रंत एकानं पाठवलं हुतं. गाणं संपल्यावर. रुमालात बांधून, राहुटीत. नाव न्हाई, निरोप न्हाई. तसल्या पैशाला निरोप लागत बी न्हाई.”

“कोण हुता?”

“म्या गाठ सुद्धा सोडली न्हाई. हुता तसा परत लावून दिला.”

“पर कोण?”

“नाव त्यानं सांगितलं न्हाई,” हौसाबाई म्हणाली. “म्या कशाला सांगू?” मग ती उठली. “आता ह्या वयात राहुटीत कोण येणार हाय माझ्या? ते मला बी कळतंय. पर पैसा तसलाच हाय, गेनबा.”

सत्तू भाकरी घेऊन आला आणि आम्ही जेवलो.

*

सोमवारी दुपारी शेडपुढे एक पांढरी गाडी थांबली. चाळिशीचा एक माणूस उतरला. इस्त्रीचा शर्ट, गळ्यात काही नाही. आमच्या खानापूर तालुक्यातली माणसं साऱ्या देशभर सोनं-चांदी गाळायच्या धंद्यात आहेत. त्यात खरंच सोनं बाळगणारा कोण ते गळ्यावरून ओळखता येतं. तो घालत नाही.

“मावशी कोण?” त्याने विचारलं.

“मी.”

त्याने माझ्या दाढीच्या खुंटांकडे पाहिलं. “मी संग्राम देवकर. शारजात आमचं गलाईचं दुकान आहे. डी, सात, सात, ई. तो पत्ता आमचा आहे.”

“बसा की.”

“बसायला वेळ नाही. काल माझ्या मेहुण्याच्या वरातीत बँजोवाल्यानं ते म्हटलं. दोनशे माणसं त्यावर नाचली. मी आपला ऐकतोय, म्हटलं शेवटची अक्षरं ओळखीची आहेत. आम्ही पैसे पाठवताना शेवटची चार अक्षरंच तपासतो. घरी येऊन बघितलं तर अण्णांच्या फोनवरचं खातं. दुकानासाठी मीच त्यांना उघडून दिलेलं, ते तिकडं होते तेव्हा.”

तेवढ्यात गाडीचं दुसरं दार उघडलं आणि अण्णा खाली उतरले. हिंदुराव देवकर. ऐंशीच्या घरातला उंच माणूस, पांढरं धोतर, डोक्यावर टोपी. ते शेडमध्ये आले आणि तिकाटण्याकडे बघत उभे राहिले. आमच्याकडे त्यांनी पाहिलं नाही.

“अण्णांना हल्ली उमजत नाही,” संग्राम म्हणाला. आवाज खाली करायची त्याला गरज वाटली नाही. “बोट लागून गेले असतील. ते परत करा आणि एवढंच लिहून द्या की चुकून आले होते.”

“लिहून कशाला?”

“वकिलाला दाखवायला. दुकान अजून त्यांच्या सहीवर चालतं. आज लाख गेले, उद्या सगळंच गेलं तर? त्यांना कळत नाही असं एकदा कागदावर आलं की सही माझ्याकडं येईल. त्यांच्याच भल्याचं आहे.”

अण्णांनी तिकाटण्याचा एक पाय जरा सरळ केला. तो खरंच वाकडा होता. आमच्यापैकी कुणाच्या ते लक्षात आलं नव्हतं.

हौसाबाई आतल्या बाजूने चहाची किटली आणि कप घेऊन आली. बाहेर कुणी आलंय एवढंच तिला कळलं होतं. अण्णा दिसल्याबरोबर ती जागेवर थांबली. किटली खाली ठेवली आणि डोक्यावर पदर घेतला. एवढ्या वर्षांत तिने कुणापुढे डोक्यावर पदर घेतलेला मी पाहिला नव्हता. अण्णांनी टोपी काढली आणि हातात धरून ठेवली.  सत्तू माझ्याकडे बघायला लागला, आणि मी दुसरं काही सुचेना म्हणून शर्वरीला फोन लावला.

मी फोनचा आवाज मोठा केला आणि तिला सांगितलं की शून्य एक्स सापडले.

“अरे वा!” ती म्हणाली. “मग मी रेकॉर्डिंग सुरू करते. देणाऱ्याचं म्हणणं त्यांच्याच आवाजात लागतं. झाली सुरुवात. पाठवणाऱ्यांचं पूर्ण नाव सांगा.”

“हिंदुराव...” संग्रामने सुरुवात केली.

“तुम्ही कोण?”

“मुलगा.”

“तुम्ही नका सांगू. त्यांनीच सांगायचं.”

संग्रामने फोन अण्णांपुढे केला. “सांगा, अण्णा. नाव सांगा आणि चुकून गेले म्हणा. झालं. मला तीनची बैठक आहे.”

 अण्णांची टोपी एका हातातून दुसऱ्या हातात गेली. मला कळत होतं की त्यांनी ‘चुकून’ म्हटलं तर आमचं कुलूप निघेल, हौसाबाईला पैसे परत करता येतील, संग्रामला सही मिळेल. सगळ्यांचंच भागत होतं. फक्त अण्णा घरी जाऊन उरलेले दिवस खुळे म्हणून बसणार होते.

“हॅलो?” शर्वरी म्हणाली. “मला आवाज येत नाहीये.”

“अण्णा,” संग्राम म्हणाला, “ती पोरगी थांबलीय.”

तेव्हा हौसाबाई बोलली. अण्णांकडे न बघता, किटलीकडे बघून.

“कशाबद्दल दिलंत?”

अण्णांनी मान वर केली.

“बक्षीस कशाबद्दल तरी असतंय,” ती म्हणाली. “गाण्याबद्दल, नाचाबद्दल, बतावणीबद्दल. तुमचं कशाबद्दल हुतं?”

“त्या दिवशी गवळण म्हणताना,” अण्णा म्हणाले. आवाज बसका होता, पण शब्द नीट होते. “तुमचा वरचा सूर फुटला. मला वाटलं आता ह्या थांबतील. खोकल्याचं निमित्त करतील, पाणी मागतील. तुम्ही थांबला न्हाई. त्यो फुटका सूरच धरला आन् त्याच्यावर सबंध ओळ पुरी केली. त्याबद्दल.”

मी सत्तूकडे पाहिलं. मी तेव्हा पडद्यावरची नावं बघत होतो.

“फुटला हुता,” सत्तू म्हणाला.

“एका फुटक्या सुराला लाख रुपये?” संग्राम म्हणाला.

“चांगल्याला लोकं देत्यातच की,” अण्णा म्हणाले. “एक्कावन्न.”

“हे मी लिहून घेऊ का?” शर्वरीने विचारलं. “कारण म्हणून?”

“घे,” हौसाबाई म्हणाली.

“बरं. पण मला नाव हवंय, आजोबा.”

अण्णांनी टोपी परत डोक्यावर ठेवली. “हिंदुराव बाबाजी देवकर. राहणार भाळवणी, तालुका खानापूर.” जत्रेत बोर्डापुढे उभं राहून माणसं सांगायची तसं त्यांनी सांगितलं. गावासकट.

“धन्यवाद. शेवटचा प्रश्न. रक्कम तुम्ही जाणूनबुजून दिली, की चुकून गेली?”

संग्राम वडिलांच्या जवळ सरकला. अण्णांनी त्याच्याकडे पाहिलं नाही. ते हौसाबाईकडे वळले, आणि आल्यापासून पहिल्यांदाच त्यांनी तिच्याकडे सरळ पाहिलं.

“ही जाणूनबुजून,” ते म्हणाले. “खानापूरच्या जत्रंतली चुकून.”

 मी खाली बसलो. माझे पाय तसेही दुखत होते.

“एक मिनिट,” शर्वरी म्हणाली. तिकडून टकटक ऐकू आली. “दोन व्यवहार आहेत का? मला इथे एकच दिसतोय.”

“एकच हाय, पोरी,” हौसाबाई म्हणाली. “दुसरा परत गेला. तवाच.”

“गाठसुद्धा सोडली न्हवती,” अण्णा म्हणाले.

“न्हवती,” हौसाबाई म्हणाली.

“मग दुसऱ्याचं काय लिहू?”

“लिहू नको. ऐकलंय म्या.” मग ती माझ्याकडे वळली. “मावशी, ‘स्वीकार’ दाब.”

मी चष्मा पुसला, बटणावरची सगळी अक्षरं वाचली आणि दाबलं.

“झालं,” शर्वरी म्हणाली. “खातं मोकळं होईल आता.”

संग्राम फोनकडे बघत होता. त्याचा चेहरा काही वाईट माणसाचा नव्हता. वकिलाला काय सांगायचं याचा विचार करणाऱ्या माणसाचा होता.

“अण्णा,” तो म्हणाला, “आपण घरी बोलू.”

“घरी कशाला? हितंच बोल,” अण्णा म्हणाले. “टेप चालू हाय.”

 गाडीची किल्ली बोटाभोवती फिरवत संग्राम बाहेर गेला आणि गाडीत जाऊन बसला. गाडी सुरू झाली नाही. वडिलांना टाकून जाणारा तो नव्हता.

“आणखी कुणाला काही सांगायचंय का?” शर्वरीने विचारलं. “नाहीतर मी रेकॉर्डिंग बंद करते.”

“थांब,” हौसाबाई म्हणाली.

तिने कपात चहा ओतला. चार पावलं पुढे आली आणि कप अण्णांपुढे धरला.

“घ्या, हिंदुराव,” ती म्हणाली, फोनला नीट ऐकू जाईल इतक्या मोठ्याने. अण्णांनी कप घेतला, पहिला घोट घेतला, तोपर्यंत ती तशीच उभी राहिली.

मग ती फोनकडे वळली.

“आता कर बंद,” ती म्हणाली.